ॲबस्ट्रॅक्ट पाठवण्याआधी: स्ट्रोक संशोधनाचा थोडा इतिहास

परिषदेला ॲबस्ट्रॅक्ट पाठवायची शेवटची तारीख जवळ आली की आपण सगळे एकच करतो. जुने ॲबस्ट्रॅक्ट उघडायचे, साचा बघायचा आणि त्यात आपले आकडे बसवायचे. स्ट्रोकवरच्या एका वैद्यकीय परिषदेसाठी मीही तेच केलं. प्रश्न होता, लकव्याचे रुग्ण उपचाराला किती उशिरा पोहोचतात? एका रुग्णालयाच्या रजिस्टरमधून नोंदी काढल्या, टक्केवारी काढली आणि पोर्टलवरचे चार रकाने भरले. गाइड मॅडमनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "जे रुग्णालयात आलेच नाहीत, ते यात कुठे आहेत?"

मी गप्प बसलो, कारण उत्तर घरातलंच होतं. आमच्या संग्रामपूर तालुक्यातल्या गावात मोठ्या आईच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा अकोल्याला न्यायचं की नाही यातच दोन दिवस गेले. अकराव्या दिवशी ती घरीच गेली. कुठल्याही रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव नाही.

मग मी साचा बाजूला ठेवला आणि हे चार रकाने आले कुठून ते शोधायला लागलो. तुम्ही पहिलं ॲबस्ट्रॅक्ट लिहीत असाल तर हा इतिहास तुमच्याही कामाचा आहे.

पूर्वी वैद्यकीय नियतकालिकांतला गोषवारा म्हणजे एक सलग परिच्छेद असायचा. त्यात काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे लेखकाच्या मर्जीवर. १९८७ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये एका गटाने प्रस्ताव मांडला की गोषवारा ठरावीक उपशीर्षकांखालीच लिहावा, म्हणजे वाचणाऱ्या डॉक्टरला अभ्यास भरवशाचा आहे का ते पटकन कळेल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे ब्रायन हेन्स यांचा त्यात मोठा वाटा होता. गंमत बघा, त्या प्रस्तावात 'ठिकाण' आणि 'रुग्ण' यांना स्वतंत्र रकाने होते. आजच्या बहुतेक पोर्टलवर हे दोन्ही 'पद्धत' या एका रकान्यात कोंबले जातात. शब्द जास्त झाले की पहिली कात्री तिथेच लागते. माझ्या मते आपल्या ॲबस्ट्रॅक्टचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

स्ट्रोकमध्ये हे ठळक दिसतं. १४ डिसेंबर १९९५ला 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये अमेरिकेतली एनआयएनडीएस चाचणी छापून आली. ६२४ रुग्ण, गुठळी विरघळवणारं औषध, आणि अट अशी की लक्षणं सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत ते द्यायचं. तीन महिन्यांनी अपंगत्व नसण्याची किंवा अगदी थोडं असण्याची शक्यता औषध मिळालेल्यांत निदान ३० टक्क्यांनी जास्त होती. पण मेंदूत लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव ६.४ टक्के लोकांना झाला. औषध न मिळालेल्यांत तो ०.६ टक्के होता. हा तोट्याचा आकडाही त्याच गोषवाऱ्यात आहे. नुसता फायदा लिहून मोकळं व्हायची सवय आपल्याला लागते, म्हणून तो गोषवारा एकदा मुळातून वाचाच. २००८मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली.

पुढचा प्रसंग थेट परिषदेतलाच. फेब्रुवारी २०१३, होनोलुलूची आंतरराष्ट्रीय स्ट्रोक परिषद. रक्तवाहिनीत नळी घालून गुठळी काढण्याच्या उपचारावर तीन चाचण्यांचे निकाल आले. तिन्ही सांगत होत्या की जास्तीचा फायदा दिसत नाही. अनेकांना वाटलं, विषय संपला. मग ऑक्टोबर २०१४मध्ये इस्तंबूलच्या जागतिक स्ट्रोक परिषदेत नेदरलँड्सच्या १६ रुग्णालयांतली 'एमआर क्लीन' चाचणी मांडली गेली. ५०० रुग्ण. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ३२.६ टक्के, नेहमीच्या उपचारात १९.१ टक्के. हे कळल्यावर इतर देशांतल्या चालू चाचण्यांनी आपले आकडे मुदतीआधी तपासले, काही लवकर थांबवल्या गेल्या आणि फेब्रुवारी २०१५मध्ये नॅशव्हिलच्या परिषदेत एकामागून एक अनुकूल निकाल आले.

दोन वर्षांत बदललं काय? उपकरणं सुधारली होती, हे खरंच. पण रुग्णही वेगळे निवडले होते. नव्या चाचणीत मोठी रक्तवाहिनी बंद आहे हे स्कॅनवर दिसलेलेच रुग्ण घेतले होते. आधीच्या काही चाचण्यांत ही अट नव्हती. अंश तोच मोजायचा होता, छेद बदलला आणि उत्तर फिरलं.

आता हे सगळे छेद रुग्णालयाच्या दारातून आत आलेल्यांचे. दाराबाहेरच्यांचं काय? याचं उत्तर आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे लोक कित्येक वर्षं गावोगाव जन्म-मृत्यू नोंदवत आले आहेत. त्याच आधारावर डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. पद्धत होती 'व्हर्बल ऑटॉप्सी'. म्हणजे माणूस गेल्यावर घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारायचे आणि त्यांनी सांगितलेल्या लक्षणांवरून कारण ठरवायचं. २०१५ला 'स्ट्रोक' या नियतकालिकात निष्कर्ष आले: १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, स्ट्रोकने. गावातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण तेच. आणि त्यातले ८७.३ टक्के मृत्यू घरी झालेले.

हा शेवटचा आकडा दोनदा वाचा. हाच अभ्यास रुग्णालयात मरण पावलेल्यांच्या नोंदींवर झाला असता, तर दर आठ मृत्यूंपैकी सात दिसलेच नसते. आणि ॲबस्ट्रॅक्ट तरीही व्यवस्थित दिसलं असतं, चारही रकाने भरलेले.

९ ऑक्टोबर २०२४ला राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्या यादीत बुलढाणा आणि गडचिरोली दोन्ही आहेत. म्हणजे आपल्या जिल्ह्यातूनही आता ॲबस्ट्रॅक्ट जाणार, आणि सुरुवातीला ती रजिस्टरवरूनच होणार. त्यात गैर काही नाही, फक्त तसं लिहा. मी शीर्षकात 'रुग्णालयात दाखल झालेल्या' हे शब्द घातले. जिल्ह्याबद्दल काढलेला निष्कर्ष खोडून तो त्या रुग्णालयापुरता केला. पंधरा-वीस शब्द गेले, त्यासाठी प्रस्तावनेतलं 'स्ट्रोक ही जागतिक समस्या आहे' हे वाक्य उडवलं. (ते वाक्य तुमच्याही मसुद्यात असणार!) पोस्टर म्हणून ते स्वीकारलं गेलं.

"पूर्ण पेपरमध्ये सविस्तर लिहू" असं मनात असेल तर हेही बघा: २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात ३,०७,०२८ परिषद-ॲबस्ट्रॅक्टपैकी पूर्ण लेख झाले फक्त ३७.३ टक्क्यांचे. बाकीच्यांचं जगासमोर तेवढंच राहिलं.

सध्या मी गावाच्या ग्रामपंचायतीतलं मृत्यू नोंदीचं रजिस्टर बघतोय. मोठ्या आईच्या नावापुढे कारण लिहिलंय 'वृद्धापकाळ'. वय ५८. व्हर्बल ऑटॉप्सीच्या प्रश्नांचा कच्चा मराठी मसुदाही करतोय. पहिल्या मसुद्यात मी 'पक्षाघात झाला होता का?' असं लिहिलं होतं. शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "नाही बा, तसं काही नव्हतं." मग 'अंगावरून वारं गेलं होतं का?' असं विचारल्यावर त्यांनी कोणत्या बाजूने, किती वाजता, तोंड कुठे वाकडं झालं, सगळं सांगितलं.