बाहुली, वाटी आणि कावळ्याची चोच : वैद्यकीय संज्ञांतील लक्षणेचा इतिहास

१

मराठीतील परिभाषाविषयक चर्चा दीर्घकाळ एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे : संज्ञा परकीच ठेवावी की स्वकीय घडवावी? संज्ञा कोणाची, हे या चर्चेत पुनःपुन्हा विचारले गेले. ती शिकणाऱ्याच्या मनात अर्थ कसा धरते, हे मात्र क्वचितच विचारले गेले. या दुसऱ्या प्रश्नाची कसोटी पाहायची तर वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे वळावे लागते. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. तोवर या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला वैद्यक शिकण्यासाठी अकोला, नागपूर किंवा त्याहून दूरची वाट धरावी लागे. मेहकर-लोणारकडच्या मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी शरीररचनेच्या पहिल्याच आठवड्यांत जे शेकडो शब्द पाठ करू लागतो, ते तो इंग्रजी समजून पाठ करतो. वस्तुतः ते बहुतांशी लॅटिन आणि ग्रीक असतात. परकेपणाचा हा दुहेरी पडदा कसा निर्माण झाला आणि त्यामागे काय झाकले गेले, हे पाहणे साहित्यविचाराच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे. कारण जे झाकले गेले ते मुख्यतः रूपक आहे.

२

एका भाषेतले वैद्यक दुसरीत आणताना शब्दांची अडचण येणे, ही काही केवळ वसाहतकाळातील घटना नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने वैद्यकावर लॅटिनमध्ये लिहिले, तेव्हा त्याच्यापुढे ग्रीक संज्ञांचा हाच पेच होता. काही शब्द त्याने तसेच ठेवले, काहींना घरगुती लॅटिन प्रतिशब्द दिले. पुढे एकेका अवयवाला अनेक नावे चिकटली. त्यांची छाननी करून शरीररचनेची पहिली आंतरराष्ट्रीय लॅटिन नामावली १८९५ मध्ये बाझेल येथे मान्य झाली. तिच्या परंपरेतील १९९८ च्या नामावलीतही लॅटिन नावे कायम राहिली. फक्त शेजारी इंग्रजी पर्याय आले.

मुंबईत १८२६ मध्ये सुरू झालेली देशी वैद्यकशाळा १८३२ मध्ये बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, ते इंग्रजी माध्यमाचे. भाऊ दाजी लाड हे १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या तेथील पहिल्या पदवीधरांपैकी एक. त्या काळातील शिक्षित ब्रिटिश विद्यार्थी शाळेत लॅटिन शिकून वैद्यकाकडे येई; त्याला अवयवाचे नाव अर्धे उघडे असे. मुंबईच्या विद्यार्थ्यापुढे तेच नाव इंग्रजीच्या वेष्टनात, पूर्ण बंद होऊन आले. १८६१ मध्ये याच महाविद्यालयात मराठी आणि गुजराती माध्यमांचे वर्ग निघाले. तेथे अध्यापन करणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईतील औषधिद्रव्यांची सूची सिद्ध केली. मराठीतून शास्त्रीय वैद्यक शिकवता येते, हे या वर्गांनी दाखवून दिले होते. परंतु वैद्यकाची प्रतिष्ठित भाषा म्हणून इंग्रजीचे स्थान त्यांच्यामुळे ढळले नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने पुढचा टप्पा नागपूरचा. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, आणि त्या प्रांताचा कारभार हिंदी व मराठी अशा दोन भाषांचा होता. डॉ. रघुवीर यांचे परिभाषाकार्य स्वातंत्र्याच्या आगेमागे याच नागपुरात बहरले. त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश १९५५ चा. मोजके संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्यापासून असंख्य संज्ञा नियमबद्धपणे घडवता येतात, ही त्यांची भूमिका होती. ग्रीक-लॅटिन संज्ञाही अशाच घडतात, हे त्यांनी अचूक ओळखले होते. त्यांच्या शब्दांना कृत्रिम म्हणून हसणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेतली नाही.

३

भारतीय शब्दमीमांसेने शब्दांचे रूढ, यौगिक आणि योगरूढ असे भेद केले आहेत. 'पाचक' यौगिक आहे : अवयव कळले की अर्थ कळतो. 'पंकज' योगरूढ आहे : चिखलात जन्मणारे सारे काही पंकज नव्हे. वैद्यकातील 'नेफ्रायटिस' हा शब्द असाच योगरूढ आहे. ग्रीकमध्ये 'आयटिस' या प्रत्ययाचा अर्थ केवळ 'त्याविषयीचा'. पुढचा 'रोग' हा शब्द गळाला आणि दाह हा विशेष अर्थ रूढीने आला. यौगिक आणि योगरूढ शब्दांपुरती रघुवीरांची रीत समर्थ आहे. परंतु शरीररचनेच्या नावांत आणखी एक मोठा वर्ग आहे, आणि तो लक्षणेचा आहे. मम्मटाने रूढीवर आधारलेल्या लक्षणेसाठी 'कुशल' हा शब्द उदाहरणादाखल घेतला : मुळात दर्भ तोडून आणणारा, पण ऐकणाऱ्याला केवळ 'निपुण' एवढेच जाणवते. अवयवांची नावे बहुधा अशीच झिजलेली आहेत.

डोळ्यातील काळ्या छिद्राचे लॅटिन नाव 'प्युपिला'. त्याचा अर्थ छोटी मुलगी, बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी प्रतिमा दिसते म्हणून. ग्रीक 'कोरे' आणि संस्कृत 'कनीनिका' यांचाही अर्थ मुलगीच. मराठीत तर आजही डोळ्यातली बाहुलीच म्हणतात. गुडघ्यावरच्या हाडाचे नाव 'पॅटेला', म्हणजे लहान ताटली. चरकसंहितेत 'जानुकपालिका', आणि मराठीत गुडघ्याची वाटी. नडगीच्या हाडाला लॅटिनने 'टिबिया', म्हणजे बासरी, म्हटले. सुश्रुताने पोकळ लांब हाडांचा वर्ग 'नलक' म्हणून वेगळा काढला, आणि मराठीत पायाची नळी म्हणतात. सुश्रुताने सांध्यांचे आठ प्रकार केले. त्यांत कवटीच्या हाडांच्या सांध्याला 'तुन्नसेवनी', म्हणजे शिवण, म्हटले आहे. लॅटिन 'सुतुरा'चा अर्थही शिवणच. जांघेतला सांधा 'उलूखल', म्हणजे उखळ. लॅटिनमध्ये तीच खोबण 'अ‍ॅसेटॅब्युलम', व्हिनेगरची वाटी. जबड्याच्या सांध्याला सुश्रुत 'वायसतुण्ड', कावळ्याची चोच, म्हणतो. आणि जबड्याच्याच हाडावरील उंचवट्याचे ग्रीक मूळ असलेले 'कोरोनॉइड' हे नाव कावळ्यावरूनच आले आहे.

यांतील काही साम्ये भाषांच्या समान कुळामुळे आहेत : जानु आणि गेनु, नाभि आणि ओम्फालोस, यकृत् आणि हेपार हे एकाच मूळच्या शब्दांचे वंशज आहेत. बाहुली आणि वाटी यांचे तसे नाही. तेथे शब्द भिन्न असून पाहणे एक आहे. स्वयंपाकघर, शिवणकाम, अंगणातला पक्षी यांच्या साहाय्याने माणसाने शरीर ओळखले, याची ती खूण आहे.

४

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'आर्टरी' या शब्दामागे ही नळी हवा वाहते, अशी प्राचीन ग्रीक समजूत आहे. संस्कृत 'धमनी'तही फुंकण्याचाच धातू आहे. म्हणजे संस्कृत प्रतिशब्द घेतल्याने जुनी समजूत टळत नाही. तिच्याऐवजी तिची बहीण येते. मराठी पाठ्यपुस्तकांतील 'रोहिणी' तांबड्या रंगावरून आली. पण हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत काळपट रक्त असते. प्रतिमा स्मरणाला आधार देते. शास्त्रीय व्याख्येची जागा ती घेऊ शकत नाही.

तरीही प्रतिमेचा आधार गमावण्याची किंमत मोठी आहे. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. त्यांत संज्ञा मुख्यतः इंग्रजीच, नागरी लिपीत ठेवल्या आहेत. जगाशी व्यवहार राखण्यासाठी हा मार्ग समंजस आहे; पण लिपी बदलल्याने 'पॅटेला' उघडत नाही. 'जान्वस्थि' म्हटल्यानेही उघडत नाही. जानु न कळणाऱ्याला तो तितकाच बंद शब्द आहे, आणि कळणाऱ्यालाही त्यात हाड सापडते, वाटी सापडत नाही.

लिप्यंतर आणि संस्कृतीकरण या दोन पक्षांच्या वादात तिसरा पक्ष अनुपस्थित राहिला : बोलीतील शरीर. बुलढाण्याच्या रुग्णालयात येणारी वृद्धा गुडघा म्हणत नाही, टोंगळा म्हणते. टोंगळ्याची वाटी सरकली, हे तिचे वाक्य लॅटिन संज्ञेचे जवळजवळ शब्दशः भाषांतर आहे, आणि ते कोणत्याही परिभाषा समितीने केलेले नाही. तिच्यासमोर उभा असलेला विद्यार्थी बहुधा तिच्याच मुलखातला असतो. 'पॅटेला' त्याने परीक्षेसाठी घोकलेला असतो आणि वाटी घरी ऐकलेली असते. पण हे दोन्ही एकच शब्द आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे शिकत जाताना तो रुग्णाच्या भाषेपासून दूर जातो, आणि हे दूर जाणे म्हणजेच ज्ञान, असा त्याचा समज होतो.

वैद्यकीय परिभाषेचा इतिहास या समजाला आधार देत नाही. ज्या लॅटिनचा धाक वाटतो, तिनेही शरीराला नावे देताना ताटली, बासरी आणि बाहुलीच हाताशी घेतली होती. संज्ञा जागतिकच राहोत. त्यांच्या स्पष्टीकरणाला मात्र मराठीची वाटी पुरेशी खोल आहे.