लेकरू दिव्यांग, पण घरच्यांच्या मनाचं काय? जळगाव-धुळ्यात मदत कुठे आणि कशी मिळते

जळगाव / धुळे : दिव्यांग लेकरू असलेल्या घरात एक फाइल असते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवलेली. जन्माचा दाखला, एमआरआय, जळगाव, धुळे, नाशिक आणि जमलंच तर मुंबईच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या. दरवर्षी ती जाड होते. पण तिच्यात आईच्या नावाचा एकही कागद नसतो, बापाचा तर नाहीच. लेकराला रात्री तीनदा फिट आली हे डॉक्टर लिहून घेतात. त्या रात्री आई झोपली का, हे कोणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही.

सांगितलं पाहिजे. वर्षानुवर्षं मोडलेली झोप, पैशाची ओढाताण, नातेवाइकांचे टोमणे आणि ‘आमच्या माघारी याचं कसं’ ही काळजी, यामुळे अशा आई-वडिलांना नैराश्य आणि चिंतेचा आजार होण्याचं प्रमाण इतर पालकांपेक्षा जास्त असल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. हा वेगळा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. लेकराच्या आजाराचा भाग समजून तो सोसत बसायचं कारण नाही.

दोष मात्र आईलाच

मूल मान धरत नाही, बोलत नाही, हे लक्षात आलं की पहिलं बोट आईकडे जातं. ग्रहणात विळी हातात घेतली असेल, बाहेरची बाधा असेल, माहेरचंच काही असेल. यातलं एकही खरं नाही. बाळाला जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडणं, दिवस पूर्ण होण्याआधी जन्म, वेळेत उपचार न झालेली जास्त कावीळ, मेंदूचा ताप ही सेरेब्रल पाल्सी आणि मेंदूच्या इतर अडचणींची माहीत असलेली कारणं आहेत. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या क्रमांकाचं गुणसूत्र जास्तीचं असतं. कितीतरी मुलांमध्ये तर कारण शेवटपर्यंत सापडत नाही. ग्रहणाचा आणि विळीचा संबंध कुठल्याही मुलात सापडलेला नाही.

तरी टोमणे चालूच राहतात. मग ती बाई हळूहळू बाहेर जाणंच सोडते. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात, ही येत नाही, कारण झोक्यावरच्या पोरांत आपलं पोर वेगळं दिसतं. कानबाईला भाऊबंद जमले की ती चुलीपाशी बसून राहते. ‘लोके काय म्हनतीन’ या एका वाक्यानं वर्षातले सण संपतात. निंदणीला, कापूस वेचायला जाता येत नाही, म्हणजे मजुरी बुडते आणि सोबतच्या बायांशी होणारं बोलणंही बुडतं. चाळीसगाव, साक्री भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर प्रश्न आणखी अवघड. पोराला फडावर न्यायचं की म्हाताऱ्या सासूजवळ ठेवायचं? दोन्हीकडे जीव टांगणीला.

बापाचं दुखणं वेगळ्या वाटेनं बाहेर येतं. तो बोलत नाही. शेतात जास्त वेळ काढतो, काही जण दारूकडे वळतात, काही घरात आरडाओरडा करतात. गावाला त्याची दारू दिसते, त्यामागचं दुखणं दिसत नाही. आणि मोठी बहीण किंवा धाकटा भाऊ? त्यांना कमी वयात जबाबदार व्हावं लागतं. ‘तू तर समजदार आहेस’ हे वाक्य ऐकून ऐकून त्या पोरांना स्वतःचं दुखणं सांगायची लाजच वाटू लागते.

सलाईननं जात नाही असा थकवा

गावाकडं ‘मला नैराश्य आलंय’ असं कोणी म्हणत नाही. अंग दुखतं, डोकं जड राहतं, छातीत धडधड होते, जेवण जात नाही, असं सांगितलं जातं. मग गावातल्या दवाखान्यात सलाईन लागते, ताकदीचं इंजेक्शन होतं. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. तपासण्या नॉर्मल आल्या, तरी दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, झोप येत नाही किंवा पहाटेच उघडते, कशातच मन लागत नाही, लेकरावर हात उगारला जातो आणि नंतर रडू येतं, मरणाचे विचार येतात, असं असेल तर ती नैराश्याची लक्षणं असू शकतात.

मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका. त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. दिवसरात्र चालते, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी करायचं आणखी एक काम म्हणजे फवारणीची औषधं घरात किंवा गोठ्यात उघडी न ठेवता कुलपात ठेवायची आणि चावी दुसऱ्याकडे द्यायची. वाईट वेळ बऱ्याचदा टळते, हाताशी विष नसलं म्हणजे जीव वाचतो.

एकाच फेरीत दोन कामं

जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचाराची सोय आहे. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या किंवा स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी मुलाची तपासणी मानसोपचार डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ करतात. म्हणजे लेकराला घेऊन तुम्ही त्यांच्यासमोर बसलेलेच असता. तिथंच सांगायचं, ‘साहेब, मला पण झोप नाही.’ वेगळी फेरी नको, वेगळं भाडं नको.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी दवाखान्यात असा उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून बंद करू नयेत, बरं वाटलं म्हणूनही डॉक्टरांना न विचारता सोडू नयेत. या झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची नशेसारखी सवय लागत नाही.

नुसत्या बोलण्यानंही फरक पडतो, हे आपल्यासारख्याच कापसाच्या गावांत दिसलंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत संगाथ संस्थेच्या ‘विश्राम’ उपक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बोलायला पाठवलं. नैराश्य असलेल्या १०० जणांमागे जेमतेम ४ जण मदत घेत होते, १८ महिन्यांत ते प्रमाण २७ वर गेलं. तो उपक्रम सगळ्या गावासाठी होता, फक्त दिव्यांगांच्या घरांसाठी नाही. पण आपली आशाताई महिन्यातून एकदा अशा घरात पाच मिनिटं जास्त बसली, तर काय होऊ शकतं याचा अंदाज त्यावरून येतो.

दुसरी मदत शेजारच्यांची. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून उपयोग नाही, ती सांगणार नाही. आठवड्यातून दोन तास पोराजवळ बसा आणि तिला झोपू द्या. फिट आली तर पोराला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना, एवढं शिकलं की कोणीही बसू शकतं.

दुसऱ्या पालकांचा आधार

शेजारच्या नाशिकचं उदाहरण बघण्यासारखं आहे. रजनीताई लिमये यांचा मुलगा गौतम बौद्धिक दिव्यांग होता. त्याच्यासारख्या मुलांना शिकायला जागा नाही म्हणून त्यांनी १९७७ मध्ये मोजक्या मुलांना घेऊन प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. त्या शाळेत मुलं शिकली आणि आयांना एकमेकी भेटल्या. बदलापूरची ‘आधार’ ही संस्थाही पालकांनीच उभी केली, प्रौढ दिव्यांगांच्या कायम निवासासाठी. जळगावात केशवस्मृती समूहाचं ‘आश्रय माझे घर’ अशाच कामासाठी आहे. संस्था काढणं प्रत्येकाला जमणार नाही. पण एका तालुक्यातल्या दहा पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप जमतो. कुठला डॉक्टर नीट बोलतो, कुठल्या खिडकीवर फॉर्म मिळतो, हे दुसऱ्या पालकाइतकं चांगलं कोणी सांगत नाही.

पैशाची काळजी थोडी हलकी

मनावरचा अर्धा भार पैशाचा असतो, म्हणून योजनाही माहीत हव्यात. सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. दिव्यांगांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये झाली आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते कुठं गेले, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क आहे आणि विचारलंच पाहिजे, कारण न विचारता हा पैसा फारसा कोणाच्या दारात येत नाही.

चारचौघांत दिव्यांग माणसाचा जाणूनबुजून अपमान केला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार ६ महिने ते ५ वर्षे शिक्षा होऊ शकते. भूत काढण्याच्या नावाखाली मारणं, साखळीनं बांधणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

राहिला ‘आमच्या माघारी’चा प्रश्न. निरामयसाठी सांगितलेल्या त्याच चार प्रकारांत, मूल १८ वर्षांचं झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. अर्ज आई-वडील हयात असतानाच करायचा. त्याआधी ज्या भावा-बहिणीचं किंवा काका-मामाचं नाव द्यायचं, त्यांच्याशी घरात बसून स्पष्ट बोलायचं आणि ते नाही म्हणाले तर तेही ऐकून घ्यायचं.