पेण आणि रोहें : खाडीमुखाचा इतिहास

समुद्रकाठचीं स्थळें पाहावयास निघालेल्या प्रवाशाची दृष्टि बहुधा समुद्राकडेच लागलेली असते. मुंबईहून अलिबागेस अगर मुरुडास जाणारीं कुटुंबें पेणेवरून जातात. गणपतीच्या मूर्ति घडविणाऱ्यांच्या कारखान्यांत क्षणभर डोकावतात, पोह्यांचे पापड घेतात आणि पुढची वाट धरतात. रोह्याचें नांव तर त्यांना रेल्वेच्या वेळापत्रकांतच काय तें भेटतें. "तेथें ना पुळण, ना पाण्यांतला किल्ला; मग उतरून पाहावयाचें काय?" असें एका स्नेह्यानें मला मध्यंतरीं विचारलें. प्रश्न सरळ होता, परंतु त्यामागची समजूत मात्र चुकीची आहे, आणि ती पुष्कळांची असल्यामुळें तिचा थोडा विचार करणें अवश्य वाटतें.

कोंकणचा व्यापार केवळ समुद्रतीरावर चालत नसे. भरतीचें पाणी जेथवर चढे तेथवर पडाव व मचवे खाडींतून आंत येत, आणि जेथें पाणी संपे तेथें माल बैलाच्या पाठीवर चढून घाटाची वाट धरी. पाणी आणि वाट यांची जेथें गांठ पडे तेथेंच पेठ वसे. भोगावतीच्या कांठचें पेण, अंबेच्या कांठचें नागोठणें आणि कुंडलिकेच्या कांठचें रोहें हीं अशा गांठीचीं गांवें होत. चौल व रेवदंडा हे समुद्राचे दरवाजे खरे. पण घरांत शिरण्याच्या पायऱ्या या होत्या.

याची साक्ष परकीयानेंच देऊन ठेविली आहे. १६७४ च्या मे महिन्यांत इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवछत्रपतींच्या भेटीस निघाला. मुंबईहून तो चौलास आला, तेथून नावेनें कुंडलिकेंतून वर चढून रोह्यासमोरच्या तीरावरील अष्टमीस उतरला आणि पुढें निजामपुरावरून रायगडाच्या पायथ्याशीं पोंचला. ६ जून १६७४ रोजीं झालेल्या राज्याभिषेकास तो हजर होता. आज कुंडलिकेच्या पुलावरून जाणाऱ्यास हें ठाऊक नसतें कीं, समुद्रावरून राजधानीकडे जाणारा तो एक हमरस्ता होता. या रस्त्यावर पहारा ठेवण्यासाठींच जणूं अवचितगड रोह्याच्या उत्तरेस उभा आहे. दक्षिणेकडील घोसाळगडाचें मोल तर याहून स्पष्ट आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले, तेव्हां महाराजांनीं स्वतःकडे राखलेल्या बारांत घोसाळगड होता.

हा वहिवाट मार्ग शिवकालाहूनही जुना आहे. रोह्याच्या दक्षिणेस मांदाडच्या खाडीवर कुडें येथील बौद्ध लेणीं आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत महाभोज मांदव यांचा उल्लेख येतो; परंतु मला अधिक महत्त्वाचीं वाटतात तीं दान करणाऱ्या सामान्य माणसांचीं नांवें. त्यांत एक वैद्य आहे, एक माळी आहे, लोखंडाचा एक व्यापारी आहे. माळ्यानें दगडांत दान कोरवावें एवढी सुबत्ता ज्या खाडीच्या कांठीं होती, ती खाडी आडवळणाची खास नव्हती.

पेणेची कथा मिठाची आहे. तेथील मिठागरांचें मीठ बंजाऱ्यांच्या तांड्यांनीं घाटावर जाई. जो घाटवाटा राखील तोच हीं बंदरें राखील, हें महाराजांनीं ओळखिलें होतें. म्हणूनच २ फेब्रुवारी १६६१ रोजीं, कारतलबखान बोरघाटाच्या बाजूनें कोंकणांत उतरत असतां, उंबरखिंडींत त्याची वाट अडविली गेली. ती खिंड पेणेपासून फारशी दूर नाहीं. नागोठण्याचा आदिलशाही-निजामशाही काळांतला जुना दगडी पूल पाहिला, म्हणजे या वाटांवर केवढी रहदारी असली पाहिजे याची कल्पना येते.

मग हें वैभव गेलें कोठें? १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, आणि घाटमाथ्याचा माल मुंबईच्या गोदीकडे सरळ वाहूं लागला. बैलांचे तांडे थांबले. खाड्या गाळानें उथळ होत गेल्या. कालाची गंमत अशी कीं, ज्या आगगाडीनें हीं बंदरें ओस पाडलीं तीच पुढें रोह्यास आली आणि कोंकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासूनच झाला. तरीही तेथें उतरणारे थोडेच.

पण या मातीचें तेज आटलें नव्हतें. पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं विनोबा भावे जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचें घराणें रोह्याचें.

तेव्हां माझ्या स्नेह्यास उत्तर एवढेंच कीं, पाहण्यासारखें पुष्कळ आहे, मात्र तें डोळ्यांपुढें कोणी मांडून ठेविलेलें नाहीं. भरतीच्या वेळीं अष्टमीच्या तीरावर उभें राहावें, ओहोटीच्या वेळीं नागोठण्याच्या पुलाखालीं उतरावें, आणि पेणेच्या खाडीकडे जाऊन उरलींसुरलीं मिठागरें पाहावीं. किल्ला ढांसळला तरी त्याचे चिरे राहतात. मिठागराचे बांध फुटले आणि भरती आंत आली, म्हणजे चार पावसाळ्यांत त्याची खूणही उरत नाहीं. जें लवकर पुसलें जाणार तें आधीं पाहावें, हाच प्रवाशाचा धर्म होय.