गोळी, गोळा आणि बाण

बेंगळुरूला बदली होऊन आलो, तेव्हा पहिल्याच रविवारी के. आर. मार्केटजवळचा जुना किल्ला बघायला गेलो. आता उरलाय तो दिल्ली दरवाजा आणि थोडी तटबंदी. बाहेर फुलबाजार, बसचे हॉर्न, हातगाड्या. याच तटाला खिंडार पाडून २१ मार्च १७९१ च्या रात्री कॉर्नवॉलिसची फौज आत घुसली आणि किल्लेदार बहादूर खान लढताना पडला. मी तोफखान्याचा माणूस. त्यामुळे भिंत बघितली की गोळा कुठून आला असेल, हे डोळे आपोआप शोधतात.

पण त्या दिवशी मनात घोळत होता एक शब्द. बाण.

पेशवाईतले कागद वाचणाऱ्या नवख्याची इथे हमखास फसगत होते. 'बाण सोडले', 'बाणांचा मार झाला' असं वाचलं की डोळ्यांसमोर धनुष्य येतं. अठराव्या शतकातल्या मराठीत धनुष्याचा तो तीर, आणि तो मारणारा तिरंदाज. बाण म्हणजे बहुतेक वेळा दारू भरलेली नळी, म्हणजे आजचं रॉकेट. ते डागणारा तो बाणदार. आमच्या लहानपणी दिवाळीत बाटलीत उभा करून पेटवायचो, तोही बाणच. रॉकेट हा शब्द नंतर आला.

हैदर आणि टिपू यांनी या बाणाला लोखंडी नळी दिली. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीपेक्षा लोखंड जास्त दाब सोसतं, म्हणून दारू जास्त ठासता येते आणि पल्ला वाढतो. हे बाण दोन किलोमीटरच्या आसपास जात. शेपटीला बांबू, कधी तलवारीचं पातंही बांधलेलं. १० सप्टेंबर १७८० ला पोल्लिलूरला कर्नल बेलीच्या फौजेचा दारूगोळ्याचा साठा उडाला आणि तिचा धुव्वा उडाला. त्यात या बाणांचाही हात होता असं मानतात. इथल्या बाजारपेठेतल्या तारामंडलपेट या नावाचा संबंधही बाणांच्या कारखान्याशी जोडतात. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर काही बाण इंग्लंडला गेले. ते पुढे ठेवून विल्यम काँग्रीव्हने आपली रॉकेटं बनवली, आणि १८०७ मध्ये कोपनहेगन त्यांनी पेटवलं. २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यात नगर इथे एका कोरड्या विहिरीत असे हजाराहून जास्त बाण सापडले.

आणि आपण? १७९१ च्या मे महिन्यात परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या. बैल मेले म्हणून त्याला आपल्याच मोठ्या तोफा फोडून टाकाव्या लागल्या होत्या, फौज उपाशी होती. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजाराने तिला धान्य पुरवलं. म्हणजे हे बाण आपल्या माणसांनी ऐकीव नव्हे, अंगावर येताना पाहिलेले.

शब्दाचा एवढा काथ्याकूट कशासाठी, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते अभिमानाचं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी ताबारेषेवर होतो. सातारा जिल्ह्यातला आमचा एक जवान जखमी झाला. जवळ पडलेल्या गोळ्याचा तुकडा त्याच्या पोटरीत घुसला होता. जिवाला धोका नव्हता. घरी मीच फोन लावला. वडील निवृत्त हवालदार. मी म्हणालो, "काका, तुमच्या मुलाला गोळा लागलाय, पण..." आणि लाइन तुटली.

पुन्हा फोन लागायला तास गेला. तोवर त्या घरात रडारड झाली होती, शेजारपाजारचे जमले होते. मी सगळं नीट सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हातारा म्हणाला, "साहेब, गोळी लागलेला वाचतो. गोळा लागलेल्याचं काय उरतं, ते मी बघितलंय. कपची लागली म्हणायचं होतं."

मी माफी मागितली. दिवसभर रेडिओवर इंग्रजी आणि हिंदी बोलणाऱ्या माझ्या जिभेला ऐन वेळी 'स्प्लिंटर'साठी मराठी शब्द सापडला नव्हता. दगडाची, कौलाची कपची घरोघर म्हणतात. तो शब्द मला माहीत होता, फक्त आठवला नाही.

तेव्हापासून मी हे शब्द जमवतो. बंदूक हा शब्द अरबीतून आला, आणि तिथे मुळात 'बुंदुक' म्हणजे हेझलनट हे गोल फळ, मग तसा गोल खडा, आणि शेवटी तो मारणारं हत्यार. काडतूस पोर्तुगिजांनी दिलं, तोफ तुर्कांकडून आली, फैर म्हणजे इंग्रजी 'फायर'. हातात धरून चालवायचं ते शस्त्र, फेकायचं ते अस्त्र, म्हणून क्षेपणास्त्र. आणि बायकामाणसांनी, शेतकऱ्यांनी यातले अर्धे शब्द कधीच घरी नेलेत. डोकेदुखीवर गोळी, भीतीने पोटात गोळा, लग्नाचा बार, फुसका बार, रामबाण उपाय, प्रश्नांच्या फैरी.

देवळालीला आम्हाला पहिल्यांदा शिकवलं, की तोफखान्याचं शस्त्र तोफ नव्हे, गोळा. तोफ फक्त तो पोचवते. शब्दाचंही तसंच असावं. तो कुठे जाऊन पडतो, ते महत्त्वाचं.

तो जवान सहा आठवड्यांत युनिटला परत आला. त्याच्या वडिलांना मी अजूनही दिवाळीला फोन करतो. लाइन लागली की ते आधी हसतात आणि विचारतात, "काय साहेब, आज गोळी का गोळा?"