मराठी अद्भुतरम्य साहित्याचा वाचकवर्ग

मराठी अद्भुतरम्य साहित्याचा वाचकवर्ग म्हणजे जादू, राक्षस, गुप्त भुयारे, भुतेखेते, परग्रह अशा वास्तवापलीकडील विश्वाच्या कथा-कादंबऱ्या आवडीने वाचणारा आणि वाचलेल्या पुस्तकांविषयी आपापसांत मते मांडणारा वाचकसमूह होय. या वाचकांची कोणतीही औपचारिक संघटना नाही. वाचनालये, नियतकालिके, पत्रव्यवहार आणि चाळीतील गप्पा ही त्यांच्या मतांच्या देवाणघेवाणीची प्रमुख साधने राहिली आहेत. या साहित्याची दखल रूढ समीक्षेने बराच काळ त्रोटकपणे घेतली. त्यामुळे कोणते पुस्तक टिकले व कोणते विस्मरणात गेले, याचा निवाडा पुष्कळ अंशी वाचकांनीच केला.

संज्ञा
भारतीय काव्यशास्त्रात 'अद्भुत' हा एक रस असून 'विस्मय' हा त्याचा स्थायीभाव मानला जातो. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांत त्याचा समावेश आहे. मराठीत 'अद्भुतरम्य' हा शब्द प्रथम मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांसाठी रूढ झाला. पुढे गूढकथा, भयकथा आणि विज्ञानकथा यांचे स्वतंत्र प्रवाह निर्माण झाले. वाचनालयाच्या फडताळात मात्र ही सर्व पुस्तके बहुधा शेजारी-शेजारीच राहिली आणि त्यांचा वाचकही पुष्कळदा एकच होता.

ऐतिहासिक आढावा

एकोणिसावे शतक
मुद्रणकलेच्या प्रसारापूर्वी अद्भुताची आवड प्रामुख्याने पोथ्यांतून भागत असे. धुंडिसुत मालू यांनी शके १७४१ (इ.स. १८१९) मध्ये रचलेला 'नवनाथ भक्तिसार' हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ चमत्कारकथांनी भरलेला आहे. श्रावणात त्याचे पारायण करण्याची प्रथा आजही आढळते. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या अनुवादामुळे अरबी कथांचे विश्व मराठी वाचकांना खुले झाले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्या या काळातील अद्भुतरम्य लेखनाच्या प्रमुख उदाहरणांत गणल्या जातात. हरिभाऊ आपटे यांच्या लेखनाने सामाजिक वास्तवाची कादंबरी प्रतिष्ठित झाली आणि अद्भुतरम्य कादंबरीकडे दुय्यम दृष्टीने पाहिले जाऊ लागले. वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' (१९०२) या निबंधात अद्भुत व वास्तव या दोन्ही प्रकारांचा विचार केला आहे.

विसावे शतक
गो. ना. दातार (१८७३–१९४१) यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कथानकांच्या आधारे 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा', 'बंधुद्वेष' आदी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांना मराठी पेहराव इतका चपखल बसला की अनेक वाचकांना त्या परक्या वाटल्या नाहीत. नाथमाधव (१८८२–१९२८) यांची 'वीरधवल' ही कादंबरी पिढ्यानपिढ्या वाचली गेली. अनंत अंतरकर यांनी 'हंस' व 'मोहिनी' यांच्या जोडीला काढलेल्या 'नवल' या मासिकाने गूढ, भय आणि विज्ञान यांवरील कथांना हक्काचे स्थान दिले.

नारायण धारप (१९२५–२००८) हे या वाचकवर्गाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले लेखक होत. 'लुचाई', '४४० चंदनवाडी' ही त्यांची पुस्तके आणि 'समर्थ' या पात्राभोवतीच्या कथा विशेष लोकप्रिय ठरल्या. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथा आणि 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' यांसारखी बालनाट्ये अशा दोन्ही मार्गांनी हे विश्व समृद्ध केले. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांपर्यंत पोहोचविल्या. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले. 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने ती पाठविणारे लेखक जयंत विष्णू नारळीकर होते. टोपणनावाची आद्याक्षरे त्यांच्या स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांच्या उलट क्रमाने होती.

गिरणगाव आणि बीडीडी चाळी
मुंबईतील या वाचनाचा विचार गिरणगावातील वस्तीपासून वेगळा करता येत नाही. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये स्थापन झालेल्या 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे चाळी उभारल्या. खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'बीडीडी चाळी' हे नाव पडले. एकूण २०७ इमारतींपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, अशी त्यांची सर्वसाधारण रचना होती.

एवढ्या जागेत पूर्ण कुटुंब, आणि पुष्कळदा गावाकडून आलेले नातलगही राहत असल्याने घरात पुस्तकांचा संग्रह करणे बहुतेकांना शक्य नव्हते. परिणामी येथील वाचन हे मुख्यतः उसन्या पुस्तकाचे वाचन होते. पुस्तक वाचनालयातून येई, मुदतीत परत जाई, आणि दरम्यान घरातील व शेजारची माणसे ते आळीपाळीने वाचत. सामाईक व्हरांडा ही अभ्यासाची, गप्पांची आणि कथा पुन्हा सांगण्याची जागा होती. पुस्तक हाताशी राहत नसल्यामुळे मत स्मरणावर आणि तोंडी सांगण्यावर अवलंबून राही.

वार्षिक वाचनाच्या दोन परंपरा या वस्तीत शेजारी-शेजारी नांदल्या, ही बाब लक्षणीय आहे. काही घरांत श्रावणात नवनाथांची पोथी लागे. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध कुटुंबांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होऊ लागले. पहिल्या ग्रंथाचा प्राण चमत्कार हा आहे, तर दुसरा ग्रंथ चमत्काराला नाकारून विवेकाला प्रमाण मानतो. अद्भुत कथा केवळ कथा म्हणून वाचावी की सत्य म्हणून, हा प्रश्न त्यामुळे येथे निव्वळ वाङ्मयीन राहिला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कुटुंबांचे उत्पन्न थांबले. वाचनालयाच्या मासिक वर्गणीसारखा किरकोळ खर्चही अशा घरांना जड जाणे स्वाभाविक होते.

वाचनालये
मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १ ऑगस्ट १८९८) आणि त्याच्या शाखा, महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांतील ग्रंथालये आणि गल्लोगल्लीची खाजगी फिरती वाचनालये यांनी या वाचकाला पुस्तके पुरविली. लोकप्रिय पुस्तकांची बांधणी वारंवार करावी लागे. पाने गळालेली प्रत पुढे रद्द होई. ज्या कादंबऱ्या सर्वाधिक हाताळल्या गेल्या, त्यांच्याच जुन्या प्रती आज दुर्मीळ असण्याचे हे एक कारण आहे.

मतांची देवाणघेवाण
मराठी वाचकाच्या वर्षाला दिवाळी अंकांमुळे एक ठरावीक लय लाभली आहे. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून कोणता अंक चांगला आणि कोणाची कथा फसली, ही चर्चा दरवर्षी होत आली आहे. जानेवारी १९६४ मध्ये गिरगावातील मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी सुरू केलेले 'ललित' हे मासिक सर्वस्वी ग्रंथव्यवहाराला वाहिलेले आहे. वर्षअखेरीस वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत सरत्या वर्षातील वाचनावर लेख येतात. अलीकडे सामान्य वाचकही वर्षभरातील पुस्तकांच्या याद्या व अभिप्राय मोबाइलवरील वाचकगटांत मांडतात.

पत्रव्यवहार हे यातील जुने साधन होय. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांची प्रसिद्ध झालेली पत्रे याचे उत्तम उदाहरण आहेत. त्यांत पुस्तकांविषयीची आवड-नावड मोकळेपणाने व्यक्त झाली आहे.

वाचकांच्या चर्चेचे एक ठोस फलित म्हणजे मूळ कृतींचा शोध. 'लुचाई' आणि स्टीफन किंग यांची 'सेलम्स लॉट' यांतील साम्य हे त्याचे परिचित उदाहरण. रूपांतराचा उल्लेख प्रत्येक वेळी ठळकपणे होत नसे, अशा काळात दोन्ही भाषांत वाचणाऱ्यांनी अशा नोंदी करून वाङ्मयेतिहासाला साहाय्य केले. रूपांतर म्हणजे उसनवारी की नवनिर्मिती, यावर मात्र त्यांच्यात एकमत नाही.

आक्षेप
या साहित्यावर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात:
१. ते वाचकाला जगण्याच्या प्रश्नांपासून दूर नेते. १९६० च्या दशकात बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) सारख्या कथासंग्रहांनी उपेक्षितांचे दाहक वास्तव मांडल्यानंतर हा आक्षेप अधिक तीव्र झाला.
२. भूत, करणी, मंत्रतंत्र यांच्या चित्रणाने अंधश्रद्धेला खतपाणी मिळते. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो फसवणूक व अघोरी कृत्यांना लागू होतो, कल्पित साहित्याला नव्हे.
३. कथानके परभाषेतून घेतलेली असतात.

यांवर वाचकांचा प्रतिवाद असा की, कल्पित हे कल्पित म्हणून ओळखण्याची सवय अशा वाचनातूनच लागते. तसेच दिवसभर राबलेल्या माणसाने क्षणभर वेगळ्या जगात जाणे हा पळपुटेपणा नसून विसावा आहे.

सद्यस्थिती
'हॅरी पॉटर' मालिकेचे आणि टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे मराठी अनुवाद उपलब्ध झाल्याने नव्या पिढीला या प्रकारातील जागतिक साहित्य मराठीतून वाचता येते. २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाची मूळ प्रेरणा धारपांच्या कथेत असल्याचे समजल्यावर त्यांच्या पुस्तकांकडे तरुण वाचकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतले आहे.

वरळीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत सुरू असून ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या सदनिकांचा ताबा देण्यात आला. पुस्तकाचे कपाट ठेवण्याइतकी जागा आता घरात आहे. सामाईक व्हरांडा मात्र राहिलेला नाही. उसन्या पुस्तकांच्या आठवणी असलेली पिढी वृद्ध झाली आहे. कोणी काय वाचले आणि त्याविषयी काय म्हटले, याची तोंडी नोंद घेण्यास आता थोडाच अवधी उरला आहे.

हेही पाहा
गूढकथा
मराठी विज्ञानकथा
दिवाळी अंक
गिरणगाव
बीडीडी चाळ