पंच कोण होता? चीत, गुण आणि फडातला एक जुना वाद

मोठी कुस्ती झाली की आपल्याकडे दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "कोण पडला?" आणि दुसरा, "पंच कोण होता?" माण, खटाव, आटपाडी, जत, कुठल्याही एसटी स्टँडवर चहा घेत उभे राहा. महाराष्ट्र केसरीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं आणि दुसऱ्यावर तासभर वाद चालतो. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या दुसऱ्या प्रश्नावर आहे. "पीएच.डी. करतोय, आणि विषय काय, तर कुस्तीचा पंच!" अशी चेष्टा होते, होऊ द्या. हा प्रश्न कधी आणि का मोठा झाला, हे कळलं तर गेल्या काही वर्षांतली भांडणं जरा वेगळी दिसू लागतात. ते आज सांगतो.

आधी अलीकडचं, म्हणजे सगळे एका पानावर येऊ.

१४ जानेवारी २०२३, पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी. माती विभागाच्या अंतिम कुस्तीत मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड. महेंद्रनं बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि कुस्ती तिथं फिरली. सिकंदरच्या बाजूचं म्हणणं असं की तो पाठीवर गेलाच नव्हता, कुशीवर होता, म्हणजे गुण दोनच. पुढं प्रकरण इतकं तापलं की पंचांना धमकीचा फोन गेला आणि पोलिसांत तक्रार झाली. मग २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चीत केल्याचा निर्णय आला. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. बोलाचाली झाली, आणि त्यानं पंचाला लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर चिडून, काही सेकंद उरलेले असताना, मैदान सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

पैलवानाच्या आयुष्यात तीन वर्षं म्हणजे किती, हे खुराकाचा हिशेब मांडणाऱ्या घराला विचारा. पंचाला लाथ मारण्याचं समर्थन मी करणार नाही. पण "आजकालच्या पोरांना शिस्त नाही" एवढं बोलून विषय मिटवायलाही मी तयार नाही.

आता नियम. जागतिक संघटनेच्या नियमांनुसार समोरच्याला खाली घेऊन मागून ताबा मिळवला की दोन गुण. उभ्या कुस्तीतून फेकून थेट डेंजर पोझिशनमध्ये नेलं तर चार. डेंजर पोझिशन म्हणजे पाठ गादीकडे वळलेली आणि गादीशी तिचा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी. म्हणजे कोथरूडचा सगळा वाद एका कोनाचा होता. अर्ध्या सेकंदात धिप्पाड अंग हवेतून येतंय, आणि खाली पडताना पाठ नव्वद अंशांच्या अलीकडे होती की पलीकडे, हे सांगायचं! चीत करण्याचा नियमही ऐकायला सोपा आहे: दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले पाहिजेत आणि पंचाला खात्री पटेल इतका क्षण दाबलेले राहिले पाहिजेत. हा "इतका क्षण" म्हणजे किती, ते घड्याळ सांगत नाही, पंच सांगतो. तोही एकटा नाही. मधला पंच, बाजूचा पंच आणि मॅट चेअरमन, या तिघांपैकी दोघांचं एकमत लागतं.

आपल्या यात्रांच्या मैदानात हे काही नव्हतं. माणदेशात पाऊस कमी, पण यात्रांना तोटा नाही. शिंगणापूरची चैत्रातली, म्हसवडची मार्गशीर्षातली, आणि मध्ये गावोगावच्या लहानमोठ्या. यात्रा म्हटली की फड आलाच. नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात, मग इनाम चढत जाणार, शेवटी नेमलेली मोठी जोड. हलगी कडाडते, शड्डू ठोकले जातात, आणि कुस्ती निकाली असेल तर ती एकाच गोष्टीनं संपते. पाठ लागली, आभाळ दिसलं, संपलं. गुणांची वही नाही, तीन मिनिटांच्या फेऱ्या नाहीत. बराच वेळ कुणी पडेना, तर पंच हात घालून सोडवणार आणि कुस्ती बरोबरीत. इनाम निम्मं-निम्मं.

अशा फडात पंच निकाल देत नव्हता, तो पुकारत होता. निकाल सगळ्यांनी आधीच पाहिलेला असायचा. चारी बाजूंनी माणसं बसलेली, त्यातली निम्मी कधी ना कधी लंगोट लावलेली. ओढ्याकडच्या बाजूला बसलेल्यांना जे दिसलं नाही ते देवळाकडच्यांना दिसलं. पंच चुकला तर लोक उठायचे, फड थांबायचा, आणि कितीदा तरी तीच जोड पुन्हा लावली जायची. म्हणजे दाद मागायची सोय फडातच होती. तिला अर्ज लागत नव्हता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा जुन्या काळाच्या प्रेमात पडला. जुना फड न्यायी होता असा माझा दावा नाही. पंच म्हणून फेटा बांधून कोण उतरायचं? पाटील, यात्रा कमिटीतली मंडळी, नावाजलेले वस्ताद. कोणाच्या कुस्तीला वेळ द्यायचा, कोणाची झटकन सोडवायची, हे त्यांच्या हातात. मोठ्या नावाचा पैलवान दमायला लागला की "बरोबरीत सोडवली" हा शब्द कामाला यायचा. आणि गावात ज्याला कोणी विचारत नव्हतं, त्याचा पोरगा जिंकतोय असं दिसलं तर गर्दीचा डोळाही फिरू शकायचा. गर्दी पाहते, पण तिला जे पाहायचंय तेही पाहते.

गुणांची कुस्ती यावर उपाय म्हणून आली. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली आणि हळूहळू माती असो की गादी, गुणांचाच हिशेब सगळीकडे आला. आपल्या भागातले मातीत वाढलेले पैलवान या हिशेबात कच्चे होते असंही नाही. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतच्या गणपत आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणलं. गुणांमुळे कुस्ती जिवंत झाली, हेही खरं. २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा पृथ्वीराज पाटीलनं पिछाडीवरून येऊन विशाल बनकरला ५-४ नं हरवलं. जुन्या पद्धतीत ती कुस्ती कदाचित बरोबरीत सुटली असती.

पण त्याच एका गुणानं पंच मोठा केला. आता निकाल आधी पंचाच्या डोक्यात होतो, मग फलकावर येतो, आणि पाहणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतो.

या बदलाच्या अगदी उंबरठ्यावर उभा असलेला माणूस आपल्याच जिल्ह्यातला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हे शाळेत शिकवतात. शाळेत शिकवत नाहीत ते असं, की खाशाबांची ही सगळी वाट पंचांच्या निर्णयांनी भरलेली आहे.

त्याआधी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथं निरंजन दासपेक्षा आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. एका गुणानं ऑलिम्पिक हुकत होतं. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन होते, त्यांनी ऐकून घेतलं, पुन्हा चाचणी झाली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केलं. लक्षात घ्या, गुणांवर गेलेला निकाल त्यांनी कशानं फिरवला? चितपटीनं. गोळेश्वरच्या मातीतला नियम त्यांनी गुणांच्या दरबारात वापरला. पुढं पैशांसाठी गावोगाव फिरले, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ते तुम्ही ऐकलं असेलच.

हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना चीत केलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झशी झालेली कुस्ती २-१ अशी जिंकली. हा २-१ आकडा आजच्या गुणांचा समजू नका. त्या काळी कुणी चीत झालं नाही, तर तीन पंच आपापलं मत देत. म्हणजे दोघांना खाशाबा जिंकले असं वाटलं, एकाला वाटलं नाही. आपल्या पहिल्या पदकाच्या वाटेवर एका पंचाचं मत आपल्या विरुद्ध होतं! जर्मनीत एखाद्या चहाच्या टपरीवर (किंवा तिथं जे असेल तिथं) "पंच कोण होता?" असं कुणी विचारलं असेल का, याचं मला कुतूहल आहे.

मग जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह. दोघांकडून खाशाबा हरले, पण चीत त्यांना कुणीच केलं नाही. नेहमी सांगितली जाते ती हकीकत अशी की इशीशी लांबलेली कुस्ती संपताच त्यांना लगेच दुसऱ्या कुस्तीसाठी बोलावलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. ते सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य.

मद्रास आणि हेलसिंकी शेजारी ठेवून पाहा. माणूस तोच. एका ठिकाणी त्याचं ऐकणारा महाराजा होता, दुसऱ्या ठिकाणी नियम होता पण तो मांडणारा नव्हता. माझ्या प्रकरणाचा मुद्दा एवढाच आहे: फडातून गुणांकडे जाताना आपण निकाल गर्दीकडून काढून जाणकारांकडे दिला, पण गर्दीकडे असलेली दाद मागायची सोय त्याच्याबरोबर नेली नाही. ती कधी महाराजाच्या मर्जीवर राहिली, कधी संघटनेच्या. आणि आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये संघटनाच दोन होत्या. फुलगावला एक महाराष्ट्र केसरी झाली, धाराशिवला दुसरी. दाद मागायची तर कोणत्या दारात?

कागदावर आज सोय आहे. निर्णय पटला नाही तर कोच चॅलेंज करू शकतो, मग व्हिडिओ बघतात. चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण. चांगली पद्धत आहे. पण ती पद्धत कोपऱ्यातल्या कोचसाठी आहे आणि स्क्रीन टेबलामागच्या तिघांसाठी. मैदानातल्या हजारोंना त्याच वेळी तीच फीत मोठ्या पडद्यावर दाखवून "पाठ इथं वळली, म्हणून चार" असं कुणी माइकवरून दोन वाक्यांत समजावलं, तर निम्मी भांडणं तिथंच विरतील असं माझं मत आहे.

आता चाहत्यांविषयी थोडं, कारण तेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. पंचावरचा वाद बघता बघता पैलवानावर घसरतो. कोथरूडला महेंद्र पुढं अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेकडून एका मिनिटाच्या आत पडला. लगेच बोललं गेलं, "बघा, सिकंदर असता तर!" नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरनं त्याच शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केलं, तेव्हा तर पुरावाच मिळाला. पण हा कशाचा पुरावा? त्या दिवशी सिकंदर भारी होता, याचा. दहा महिन्यांपूर्वीची पाठ किती अंशांत वळली होती, याचा नाही. आणि उलट बाजूचे जे म्हणत होते, "चार गुण गेले तरी वेळ होता की, का नाही फेडले?" त्यांनाही माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो प्रश्न रास्त आहे. पंच चुकला असेल आणि पैलवानही कमी पडला असेल, या दोन्ही गोष्टी एकाच कुस्तीत घडू शकतात. स्टँडवरच्या वादात हे कुणी कबूल करत नाही.

माणच्या मातीतच याच्या उलट टोकाचं उदाहरण आहे. मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेस धावली, प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. त्या शर्यतीनंतर पंच कोण होता, असं तालुक्यात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. घड्याळाशी कोण भांडणार? कुस्तीत मात्र कुठल्याही यंत्राला नीट मोजता न येणारी गोष्ट मोजायची असते: एकाचा दुसऱ्यावरचा ताबा.

एक काम तुमच्याकडे आहे. जुन्या मैदानांची हँडबिलं, ज्यांवर जोडी, इनाम आणि खाली बारीक अक्षरात पंचांची नावं छापलेली असायची, ती कुणी जपून ठेवत नाही. घरात ट्रंकेत, देवळाच्या कपाटात, तालमीच्या भिंतीवर एखादं सापडलं तर फोटो काढून पाठवा. फाटलेलं असलं तरी चालेल; मला खालच्या ओळी हव्या आहेत.