पिकअपला जादा दिवे व विद्युत उपकरणे बसवताना घ्यावयाची काळजी

शिरूर आणि दौंड तालुक्यांत शेतमालाची बरीच वाहतूक अंधारातच होते. केडगाव, राहू, पारगाव, न्हावरे, मांडवगण फराटा या पट्ट्यातील भाजीपाला व कांदा पहाटेच्या बाजारासाठी रात्री भरला जातो. दूध संकलनाच्या गाड्या उजाडण्यापूर्वी निघतात. गाळप हंगामात ऊस तोडणी व वाहतूक रात्रंदिवस चालते. त्यामुळे पिकअप घेतल्यावर थोड्याच दिवसांत हौद्यात दिवा, मागे कॅमेरा, जीपीएस, मोबाईल चार्जर आणि पुढे जादा दिवे अशी भर पडत जाते.

यातील बहुतेक कामे गरजेची असतात. मात्र मूळ वायर सोलून, तिला पीळ देऊन आणि चिकटपट्टी गुंडाळून केलेली जोडणी महागात पडते. बॅटरी उतरणे, दिवे मंद होणे, फ्यूज वारंवार उडणे इथपासून वायरिंग जळण्यापर्यंत नुकसान होऊ शकते. ताडपत्री, रिकाम्या गोण्या, उसाचे पाचट किंवा कडबा जवळ असेल तर लहान ठिणगीही पुरते. योग्य पद्धतीने काम करण्यासाठी आवश्यक माहिती पुढे दिली आहे.

गरज आधी ठरवावी

जास्त वॅटचा दिवा म्हणजे चांगला दिवा, असे नाही. कोणत्या कामासाठी प्रकाश हवा ते आधी लिहून काढावे.

- माल भरणे व उतरवणे: हौद्यात पसरट प्रकाश देणारे १० ते १८ वॅटचे दोन एलईडी दिवे पुरेसे होतात.
- रिव्हर्स घेणे: मागील मूळ रिव्हर्स दिवा स्वच्छ व चालू असावा. जोडीला कॅमेरा उपयोगी पडतो.
- रस्त्यावर चालवणे: मूळ हेडलाइट दुरुस्त करून त्याची उंची जुळवावी. बहुतेक वेळा नवीन दिव्याची गरज राहत नाही.
- धुके: हिवाळ्यात भीमा व घोड नदीकाठी पहाटे धुके पडते. त्यासाठी बंपरच्या पातळीवर खाली बसणारे फॉग लाइट उपयोगी पडतात. टपावरच्या दिव्याचा प्रकाश धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो.

विजेचे सोपे गणित

पिकअपची विद्युत यंत्रणा १२ व्होल्टची असते. उपकरणाच्या वॅटला १२ ने भागले की त्याला लागणारा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. १८ वॅटचे दोन दिवे म्हणजे ३६ वॅट, म्हणजे ३ अँपिअर. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर.

इंजिन बंद असताना हा सर्व भार बॅटरीवर येतो. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्टच्या आसपास ती अर्धी उतरलेली असते. ६५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी अर्ध्यापर्यंत वापरायची ठरवली, तर हौद्यातील ३ अँपिअरचे दिवे सुमारे १० तास चालतील. तेच काम ९ अँपिअरच्या हॅलोजनवर केले तर साडेतीन तासांतच बॅटरी अर्धी होते आणि पहाटे गाडी ढकलण्याची वेळ येते. बॅटरी जुनी असल्यास हा वेळ आणखी कमी धरावा.

इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर आधी अल्टरनेटर व त्याचा पट्टा तपासावा. त्यानंतरच नवीन उपकरणाचा विचार करावा.

वायर, फ्यूज आणि रिले

वायर बारीक असेल तर ती गरम होते आणि दिव्यापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. समजा ४ मीटर लांब तांब्याच्या वायरमधून १० अँपिअर प्रवाह न्यायचा आहे. ०.७५ चौ.मि.मी. वायरमध्ये सुमारे ०.९ व्होल्ट वाया जातात, १.५ चौ.मि.मी. मध्ये सुमारे ०.५ आणि २.५ चौ.मि.मी. मध्ये सुमारे ०.३ व्होल्ट. हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले, तर प्रकाश साधारण ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून ‘दिवा मंद आहे’ या तक्रारीचे मूळ अनेकदा वायर, गंजलेले टोक किंवा खराब अर्थिंग यांत असते.

साधारण निवड अशी करावी:

- जीपीएस, कॅमेरा (१ अँपिअरपेक्षा कमी): वायर ०.७५ चौ.मि.मी., फ्यूज २ ते ३ अँपिअर.
- हौद्यातील एलईडी, ३६ वॅट (३ अँपिअर): वायर १ ते १.५ चौ.मि.मी., फ्यूज ५ अँपिअर.
- ५५ वॅटचे दोन दिवे (९ अँपिअर): वायर २.५ चौ.मि.मी., फ्यूज १५ अँपिअर, रिले आवश्यक.
- ३०० वॅटचा इन्व्हर्टर (२५ ते ३० अँपिअर): वायर १० चौ.मि.मी. व शक्य तितकी आखूड, फ्यूज ४० अँपिअर. असा इन्व्हर्टर डॅशबोर्डवरील चार्जिंग सॉकेटला कधीही जोडू नये.

फ्यूज हा वायर जळू नये म्हणून असतो. त्यामुळे तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आत बसवावा. दिव्याजवळ फ्यूज लावला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर संरक्षणाविना राहते. फ्यूज उडाल्यास जास्त अँपिअरचा फ्यूज, तार किंवा सिगारेटची चांदी लावू नये. तो का उडाला ते शोधावे.

रिलेमुळे जास्त प्रवाह स्विचमधून न जाता थेट बॅटरीतून दिव्याकडे जातो. चार पिनांच्या साध्या रिलेत ३० क्रमांकावर बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी वायर, ८७ वर दिवा, ८६ वर स्विचकडून येणारी बारीक वायर आणि ८५ वर अर्थ जोडतात.

बसवण्याचा क्रम

१. गाडीची किल्ली बंद करून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. मगच बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवावे. काम संपल्यावर हे टोक सर्वांत शेवटी जोडावे.

२. वायरचा मार्ग आधी ठरवावा. सायलेन्सर, टर्बो, फिरणारा पट्टा, स्टिअरिंग आणि डिझेलची नळी यांपासून ती दूर न्यावी.

३. पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट बसवावे. पत्र्याच्या धारेवर घासून वायर सोलली जाणे, हे शॉर्टसर्किटचे नेहमीचे कारण आहे.

४. संपूर्ण वायर नालीदार पाइपमधून न्यावी आणि दर २५ ते ३० सेंटिमीटरवर पट्टीने बांधावी. हौद्याखालून जाणाऱ्या वायरला चिखल व दगड लागतात, तिथे हे विशेष पाळावे.

५. जोड देताना लग किंवा स्लीव्ह दाबून बसवावी व वरून उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. नुसता पीळ आणि चिकटपट्टी हादऱ्याने व धुण्याच्या पाण्याने सुटते.

६. अर्थची जागा रंग खरवडून चकचकीत करावी, लग नट-बोल्टने घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे.

७. स्विच चालू करून १५ मिनिटांनी वायर, रिले आणि फ्यूजहोल्डर हाताने तपासावेत. कोमट लागले तर ठीक, हाताला चटका बसत असेल तर वायर किंवा जोड बदलावा.

नवीन गाड्यांत दिवे व इंडिकेटर संगणकीय नियंत्रकातून चालतात. अशा गाडीत मूळ वायर कापून किंवा सोलून जोड घेऊ नये. त्यामुळे दोष-दिवा लागतो आणि वॉरंटी नाकारली जाऊ शकते. गाडीच्या कंपनीचा तयार हार्नेस मिळत असल्यास तोच वापरावा.

हेडलाइट आणि कायदा

अनेक पिकअपमध्ये ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. त्याजागी १००/९० वॅटचा बल्ब टाकला तर दोन बल्बचा प्रवाह १० वरून जवळपास १७ अँपिअरवर जातो. मूळ स्विच व वायर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात, त्यामुळे होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर काळवंडतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकल्यास प्रकाश विखुरतो. चालकाला उजेड जास्त वाटतो, पण समोरच्याला काहीच दिसत नाही. न्हावरे–चौफुला मार्गावर किंवा पुणे–सोलापूर महामार्गावर समोरून दुचाकी किंवा उसाची ट्रॉली येत असेल, तर हे जिवावर बेतते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याचे मूळ मापदंड यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार पुढे लाल आणि मागे पांढरा प्रकाश चालत नाही. याला मागील रिव्हर्स दिवा व नंबरप्लेटचा दिवा असे मोजकेच अपवाद आहेत. पुढच्या बाजूला सर्चलाइट लावण्यासही नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय मनाई आहे. हौद्यातील दिवा फक्त गाडी उभी असताना वापरावा. रस्त्यावर तो चालू राहू नये म्हणून त्याच्या स्विचला डॅशबोर्डवर सूचक दिवा बसवावा.

प्रकाश कमी वाटत असेल तर खर्च न करता तीन गोष्टी कराव्यात: काच पुसावी, होल्डर व अर्थ साफ करावे, आणि उंची जुळवावी. उंची तपासण्यासाठी रिकामी गाडी सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटर अंतरावर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने दाखवावी. डिपरच्या उजेडाची वरची कडा त्या खुणेच्या सुमारे ५ ते ७ सेंटिमीटर खाली असावी. माल भरल्यावर गाडीचे तोंड वर उचलले जाते आणि डिपरही समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. गाडीत उंची कमी-जास्त करण्याचे बटण असल्यास कांदा भरल्यावर ते वापरावे.

कॅमेरा, जीपीएस आणि फवारणी पंप

- कॅमेऱ्याचा सिग्नल रिव्हर्स दिव्याकडून घ्यावा, म्हणजे गिअर टाकताच तो चालू होतो.
- जीपीएस गाडी बंद असतानाही वीज घेतो. ५० मिलिअँपिअर घेणारे यंत्र दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च करते, म्हणजे तीन आठवड्यांत सुमारे २५. हंगाम नसताना गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर दर आठवड्याला ती चालवावी किंवा बॅटरी चार्ज करावी.
- पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी गाडीच्या बॅटरीला थेट जोडून चार्ज करू नये. योग्य चार्जर वापरावा.

ट्रॉली व रिफ्लेक्टर

रात्रीच्या अपघातांत मागून न दिसणारी उसाची ट्रॉली हा मोठा धोका असतो. ट्रॉलीच्या दिव्यांचे अर्थ केवळ हुकाच्या पिनेवर सोडल्यास गंज व ग्रीसमुळे ते तुटत राहते आणि दिवे मिचमिचतात. सॉकेटमधून अर्थची वेगळी वायर न्यावी. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल असावी. उसाची वाढे किंवा ताडपत्री लोंबकळून पट्टी व दिवे झाकले जात नाहीत ना, हे गाडी निघण्यापूर्वी मागे जाऊन पाहावे. पट्टीला वीज लागत नाही आणि दिवा बंद पडला तरी ती काम करते. म्हणून मर्यादित पैसे असतील तर पहिला खर्च हाच करावा.

बिबट्याचा वावर असलेल्या ऊसपट्ट्यात रात्री पाण्याच्या पाळीला जाणारे शेतकरी गाडीचा दिवा शेताकडे लावून ठेवतात. यामुळे वाट दिसते, पण त्यावर संरक्षण म्हणून विसंबून राहू नये. एकट्याने जाऊ नये, वाकून काम करताना दुसऱ्याने लक्ष ठेवावे.

हंगामापूर्वीची तपासणी

खत वाहणाऱ्या गाड्यांत पोटॅश व अमोनियम सल्फेट सांडते आणि ओलाव्यासोबत तांब्याची टोके हिरवी पडून झिजतात. खताची फेरी झाल्यावर हौदा धुऊन कोरडा करावा. गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, बॉनेटखाली लेंडी दिसल्यास लगेच हार्नेस पाहावा. ऊस तोडणी सुरू होण्यापूर्वी आणि मार्चमध्ये रब्बी कांदा काढणीपूर्वी पुढील पाहणी करावी:

- बॅटरीची टोके स्वच्छ व घट्ट आहेत का
- प्रत्येक जादा वायरला स्वतःचा फ्यूज आहे का
- टेल, ब्रेक व इंडिकेटर दिवे दोन्ही बाजूंचे चालतात का
- सायलेन्सरभोवती पाचट, गोणीचे धागे अडकले आहेत का
- अग्निशामक चालकाच्या हाताशी आहे का

वायरिंगमधून जळका वास आला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि माणसे दूर न्यावीत. शक्य असल्यास बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवावे. विद्युत आगीवर पाणी न टाकता कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरावे. बॉनेटखाली ज्वाळा असतील तर ते पूर्ण उघडू नये.

बसवलेल्या उपकरणांचे बिल जपून ठेवावे आणि विम्याच्या नूतनीकरणावेळी त्यांची नोंद करून घ्यावी. कृषी सहायकांनी ऊस किंवा कांद्याच्या गटबैठकीत एका गाडीवर डिपरची उंची व फ्यूजची जागा प्रत्यक्ष दाखवावी. या दोन्ही गोष्टी दहा मिनिटांत दाखवता येतात आणि घरी गेल्यावर शेतकरी स्वतः तपासू शकतात.